हार्मोनच्या गोळ्यांची भीती आली कुठून? पाळी गेल्यानंतरच्या एचआरटीची पार्श्वभूमी

आखाजीला खापरावर मांडे टाकायचे तर आमच्या घरात मोठ्या जाऊबाईच लागतात, बाकी कुणाच्या हातावर मांडा तेवढा मोठा होतच नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र त्या अर्ध्यातून उठल्या, मोरीत गेल्या आणि डोक्यावर तांब्या ओतून घेतला. बाहेर ४४ डिग्री, समोर धगधगती चूल, त्यामुळे कुणाला काही वाटलंच नाही. पण त्यांना रात्री दोन वाजता पण असंच व्हायचं, जानेवारीच्या थंडीत पण व्हायचं, छातीपासून वर चेहऱ्यापर्यंत वाफ चढायची, घामाने ब्लाउज ओलाचिंब आणि मग लगेच हुडहुडी. वय ४७, पाळी जाऊन सात-आठ महिने झालेले. चुलत सासूबाई म्हणाल्या, "पाळी जास ना माय, मंग आंगमा आग लागसच, दोन वरीस कळ काढ." जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या (यालाच एचआरटी म्हणतात, म्हणजे अंगात कमी झालेलं हार्मोन बाहेरून देणं) तर घरी एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी, त्याने कॅन्सर होतो. आमच्या घरात कुणी रिसर्च वाचणारं नाही, तरी हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. ते कुठून आलं हे शोधायला बसले आणि निघालं की त्याच्यामागे शंभर वर्षांची गोष्ट आहे.

आधी आपलं बघू. आपल्याकडे पाळी जाणं हा आजार कधीच नव्हता, उलट सुटका होती. विटाळ संपला, कानबाईच्या रोटाला हात लावायला, देवघरात जायला कुणी अडवणार नाही, घरात शब्दाला वजन येतं. हे खरंच चांगलं होतं, फक्त त्याच्याच आड त्रास लपून गेला, कारण सुटकेची तक्रार कोण करणार? आणि चुलत सासूबाईंची ती 'दोन वरीस' पण बरोबर नाहीत. अमेरिकेत स्वान नावाच्या अभ्यासात हजारो बायकांना वर्षानुवर्षं विचारत राहिले, त्याचे आकडे २०१५ मध्ये आले, वारंवार वाफा येणाऱ्या बायकांमध्ये त्या सरासरी सात वर्षांहून जास्त टिकल्या. सात वर्षं झोप मोडणं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच माहीत.

युरोपात 'मेनोपॉज', म्हणजे पाळी जाणं, हा शब्द १८२१ मध्ये दे गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने रूढ केला. त्या शतकाच्या शेवटी शेवटी प्राण्यांची अंडाशयं वाळवून त्यांची पूड बायकांना द्यायचे प्रयोग चालू झाले, पण त्यात नेमकं काय काम करतं हे कुणालाच माहीत नव्हतं. १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर अ‍ॅलन आणि एडवर्ड डॉइझी या दोघांनी डुकरिणीच्या अंडाशयातला द्रव उंदरांना टोचून दाखवलं की माजाची लक्षणं आणणारा पदार्थ त्यात आहे. १९२९ मध्ये तो पदार्थ शुद्ध रूपात मिळाला, डॉइझीला अमेरिकेत आणि बुटेनांटला जर्मनीत, दोघांना वेगवेगळा. हेच ते इस्ट्रोजेन कुटुंब, अंडाशयात बनणारी आणि पाळी जाताना कमी होणारी हार्मोनं.

आता प्रश्न होता की एवढं इस्ट्रोजेन आणायचं कुठून. कॅनडात इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेल्या कॉलिपने बायकांच्या वारेतून औषध काढलं, पण ते महाग पडायचं. मग गाभण घोडीच्या मुतात भरपूर इस्ट्रोजेन असतं हे लक्षात आलं आणि त्यातून प्रेमारिन तयार झालं, नावच 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेलं. १९४२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ऐकून काही जणींना कसंतरी होईल, पण गोमूत्र औषधात चालतं म्हणणाऱ्या आपल्या गावात त्याचं एवढं नवल वाटायला नको. आज इस्ट्राडिऑल मिळतं, आपलं अंडाशय जे बनवतं तेच, वनस्पतीतल्या पदार्थांपासून कारखान्यात केलेलं.

वनस्पतीवरून एका कंदाची गोष्ट पण इथेच येते. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका जंगली कंदापासून प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अंडाशयातलं दुसरं हार्मोन, बनवायची स्वस्त रीत काढली. सातपुड्यात पण त्या कुळातले कंद उकडून खातात. पण कंदाचं हार्मोन व्हायला लागणारे बदल प्रयोगशाळेत होतात, पोटात नाही, त्यामुळे जंगली कंदाचं क्रीम लावून हार्मोन मिळतं असं कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका.

खरा गोंधळ १९६६ ला झाला. रॉबर्ट विल्सन नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने 'फेमिनाइन फॉरेव्हर' हे पुस्तक लिहिलं आणि त्यात मेनोपॉज म्हणजे इस्ट्रोजेनच्या कमतरतेचा आजार, गोळी घेतली नाही तर बाई बाईच राहत नाही, असा सूर लावला. पुस्तक धडाधड खपलं. औषध कंपन्यांचे पैसे त्याच्या कामामागे होते हे नंतर उघड झालं. मला याचा राग येतो, कारण वाफांनी खरंच हैराण झालेल्या बाईला औषध देणं वेगळं आणि नवऱ्याच्या डोळ्यांना तरुण दिसावीस म्हणून तू गोळी घे असं तिला सांगणं वेगळं, आणि ही दोन कामं तेव्हा एकत्र झाली ती अजून नीट सुटी झालेली नाहीत.

त्याचा फटका १९७५ मध्ये बसला. एकाच वर्षी दोन अभ्यास आले, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांना गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी जास्त होत होता. कारण सरळ आहे, इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, आणि पाळीच्या चक्रात प्रोजेस्टेरॉन ती वाढ आवरतं. फक्त वाढवणारं दिलं, आवरणारं दिलंच नाही. तेव्हापासून नियम झाला तो आजही पक्का आहे, पिशवी जागेवर असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं औषध द्यायचंच, पिशवी काढलेली असेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग दोन्ही हार्मोनांची जोडगोळी आली, खप परत वाढला. १९८५ पासून नर्सेस हेल्थ स्टडी या अमेरिकेतल्या नर्सबायकांच्या मोठ्या अभ्यासातून दिसायला लागलं की हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, आणि डॉक्टर वाफा नसलेल्या बायकांना पण हृदयासाठी म्हणून द्यायला लागले. पण ज्या बायका स्वतःहून गोळ्या घेत होत्या त्या मुळातच शिकलेल्या, पैसेवाल्या, तब्येतीला जपणाऱ्या असू शकतात, मग फायदा गोळीचा की राहणीचा हे कसं कळणार? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून खरी गोळी आणि खोटी गोळी देऊन बघावं लागतं. तेच करायला १९९१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थेने वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह चालू केलं, तेव्हा संस्थेच्या प्रमुख बर्नाडिन हीली होत्या. बायकांच्या आजारांवर इतका मोठा पैसा आधी कुणी लावला नव्हता, त्याबद्दल त्यांचे उपकारच मानायला हवेत.

आणि मग जुलै २००२. दोन्ही हार्मोनं एकत्र दिलेला १६,६०८ बायकांचा प्रयोग मुदतीच्या आधीच, सरासरी ५.२ वर्षांवर थांबवला. बातम्यांत एकच आकडा, स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला. आमच्या घरात पाठ असलेलं वाक्य जन्माला आलं ते त्याच आठवड्यात.

हा आकडा खोटा नव्हता, पण तो कसा समजून घ्यायचा हे कुणी सांगितलं नाही. १०,००० बायकांनी वर्षभर गोळ्या घेतल्या तर स्तनाचा कॅन्सर ३० ऐवजी ३८ जणींना, म्हणजे आठ जास्त. हृदयविकाराच्या सात केस जास्त, स्ट्रोक आठ जास्त, फुप्फुसात गुठळी आठ जास्त. दुसऱ्या बाजूला मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहा कमी आणि खुब्याचं हाड मोडणं पाच कमी. आठ बायका म्हणजे काही नाहीत असं मी म्हणत नाही, त्यातली एक आपल्या घरची असू शकते. पण २६ टक्के ऐकून माणसाला वाटतं की शंभरातल्या २६ जणींना होणार, आणि तसं ते नाहीच.

आणि त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, कारण प्रयोग वाफांसाठी नव्हताच, म्हातारपणी हृदय वाचतं का हे बघायला होता. तिथून निघालेलं उत्तर ४७ वर्षांच्या, रात्री चारदा उठणाऱ्या बाईला जसंच्या तसं लावलं गेलं. २००३ मध्ये इस्ट्रोजेनच्या सगळ्या औषधांवर अमेरिकेत ठळक चौकटीत इशारा आला, योनीत लावायच्या कमी डोसच्या क्रीमवर सुद्धा, ज्यातलं औषध रक्तात जेमतेम उतरतं. त्याच वर्षी इंग्लंडच्या मिलियन वुमेन स्टडी या मोठ्या अभ्यासाने भीती अजून वाढवली. डॉक्टर लिहायला घाबरले, त्यानंतर शिकलेल्या डॉक्टरांना तर हे औषध नीट शिकवलंच गेलं नाही.

नंतर हळूहळू वयानुसार आकडे वेगळे करून बघितले. ६० च्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, त्रास असलेल्या आणि दुसरी अडचण नसलेल्या बायकांना बहुतेक वेळा फायदा तोट्यापेक्षा जास्त, हे आता मोठ्या संस्था मानतात. २०१७ मध्ये त्याच प्रयोगातल्या बायकांचा १८ वर्षांचा हिशोब आला, हार्मोन घेतलेल्यांमध्ये एकूण मृत्यू जास्त नव्हते. पट्टी किंवा जेल लावलं तर औषध आधी लिव्हरमधून जात नाही म्हणून गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी, हे पण कळलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, चौकटीतले बहुतेक इशारे काढायचं जाहीर केलं. स्तनाचा कॅन्सर झालेला, गुठळी किंवा स्ट्रोक झालेला, लिव्हरचा मोठा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यात मात्र हे औषध सहसा देत नाहीत, आणि स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणून तर कुणीच घ्यायचं नाही.

जाऊबाईंनी शेवटी जेल आणि प्रोजेस्टेरॉनची गोळी घेतली, आधी मॅमोग्राफी केली, बीपी-शुगर बघितली. महिन्याभरात झोप लागायला लागली. पण हे सगळं वाचताना मला जास्त आठवत होत्या त्या आपल्याकडच्या दुसऱ्या बायका, ज्यांची पाळी गेली नाही, घालवली गेली.

अंगावरून पांढरं जातंय, पाळीत जास्त जातंय, पोट दुखतंय, चला पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पस्तिशीतल्या, चाळिशीतल्या किती जणी गावोगावी आहेत बघा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ते बीडचं, पण चाळीसगाव आणि नंदुरबारकडच्या टोळ्या पण ऊसतोडीला जातातच ना. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं, नैसर्गिक पाळी जाताना ते काही वर्षं लावून उतरतं. अंडाशयं ठेवली तरी ती थोडी आधी थकू शकतात. वय ४५ च्या आत दोन्ही अंडाशयं काढली तर हाडं आणि हृदय दोन्ही धोक्यात, म्हणून दुसरी अडचण नसेल तर साधारण पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. आणि पिशवी नसल्यामुळे यांना नुसतं इस्ट्रोजेन चालतं, ज्याचा वेगळा प्रयोग २००४ मध्ये थांबला तो स्ट्रोक वाढल्यामुळे, स्तनाचा कॅन्सर त्यात वाढलेला नव्हता, पुढच्या हिशोबात तर कमीच निघाला. म्हणजे २००२ ची ती कॅन्सरची भीती ज्यांना सगळ्यात कमी लागू होती, आणि औषधाची गरज ज्यांना सगळ्यात जास्त, त्यांना कुणी विचारलं पण नाही.

माझ्या चुलत नणंदेचं ऑपरेशन ३६ व्या वर्षी झालं. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा मी तिला जुनी फाइल आणायला सांगितली. डिस्चार्ज कार्डवर टीएएच लिहिलेलं होतं, म्हणजे पोट उघडून पिशवी काढली, आणि त्याच्यापुढे बीएसओ, म्हणजे दोन्ही बाजूची अंडाशयं. तिला तेरा वर्षं वाटत होतं की फक्त पिशवी काढलीय. आता ती ४९ ची आहे, मणक्याचं दुखणं चालू आहे, डॉक्टरीणबाईंनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजायची तपासणी, लिहून दिलाय, हार्मोन आता सुरू करायचं की हाडांचं वेगळं औषध द्यायचं ते रिपोर्ट बघून ठरेल. स्कॅन धुळ्याला करायचाय, कापूस वेचणी उरकली की जाऊ म्हणाली.