फिंचची बोटं आणि लव्हबर्डची कात्री

चवथीला डिचोलीला बहिणीकडे गेलो होतो. आरती आटोपली तशी भाच्यानं हात धरून मला थेट परसात नेलं. माडाच्या सावलीत त्यानं चांगला आठ फुटी जाळीचा पिंजरा उभा केलाय. आत सहा झेब्रा फिंच, म्हणजे दाणे टिपणारे चिमुकले पक्षी, आणि लव्हबर्डची एक जोडी. एक फिंच एका पायावर बसला होता. मला वाटलं, डुलकी काढतोय. जवळ जाऊन पाहिलं तर दुसऱ्या पायाची पुढची दोन बोटं नव्हतीच, काळी पडलेली खुंटं तेवढी उरली होती.

"मामा, दुकानदार म्हणालेला, लव्हबर्ड फिंचबरोबर सुखानं राहतात."

दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता. आपल्या बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा बजी, म्हणजे बजरीगर असतो. लांब शेपटीचा, मानेवर-पाठीवर काळ्या लाटा असलेला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि पुढे तो घरोघरी पोचला. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. आखूड शेपटीचा, ठेंगणा आणि तापट. भाच्याला मिळाला होता खरा, गुलाबी तोंडाचा. सल्ला मात्र बजीचा!

झेब्रा फिंच भरतो जेमतेम १२ ग्रॅम, लव्हबर्ड ५०च्या आसपास. पण खरी अडचण वजनाची नाही, पायांची आणि चोचीची आहे. फिंचची तीन बोटं पुढे, एक मागे; फांदीवर टेकायचं आणि उडायचं, एवढंच त्याचं काम. लव्हबर्ड पोपटाच्या कुळातला; या कुळात दोन बोटं पुढे नि दोन मागे, आणि वरची चोच कवटीला बिजागरीसारखी जोडलेली. त्यामुळे तो चोचीनं जाळी पकडत चढतो; चोच म्हणजे त्याचा तिसरा पायच. समोर येईल ते आधी चोचीत धरून बघायचं, ही त्याची रीत. अगरबत्तीच्या काडीएवढा फिंचचा पाय त्या चोचीत सापडला की संपलं.

खरं तर बजी आणि झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर एकाच पाणवठ्यावर येतात. ती काही मैत्री नव्हे. कुणी अंगावर आलं तर उडून जायला रान मोकळं असतं. आठ फुटांत कुठे जाणार?

बजीचंही एक आहे. मडकं टांगलं की मादी घरटं राखायला लागते, फिंचच्या घरट्यात डोकावते आणि अंडी-पिल्लांची नासधूस करू शकते. मडकंच दिलं नाही तर बजी बरेच निवांत राहतात. खऱ्या लव्हबर्डला मात्र मडकं नसलं तरी फिंचबरोबर ठेवू नये, हे माझं ठाम मत.

तरी त्या लव्हबर्ड मादीपुढे मी अर्धा तास बसून होतो, हे कबूल करतो. ती माडाच्या झावळीचं पातं चोचीत धरून टक-टक-टक चावत जाते आणि शिवणकामाच्या कात्रीनं कापावी तशी सरळ लांब पट्टी सुटते. मग मान मागे वळवून ती पट्टी कमरेच्या पिसांत खोचते आणि घरट्याकडे उडते. निम्म्या पट्ट्या वाटेत गळतात. फिंचची बोटं याच कात्रीनं गेली.

आपल्या पावसाचंही बघावं लागतं. कोरड्या मुलखातले हे पक्षी गोव्याच्या श्रावणात दमट राळ्यावर जगवायचे, आणि राळ्याला बुरशी आली की ती थेट फुप्फुसात जाते. दाणे थोडे-थोडे आणून बंद डब्यात ठेवायचे, मांडलेले रोज बदलायचे. शिवाय चवथीचे फटाके! अंधारात दचकलेला थवा जाळीवर आपटतो, म्हणून रात्री एक बारीक दिवा लावून ठेवलेला बरा.

भाच्यानं मध्ये जाळी टाकतो म्हटलं. एक जाळी पुरत नाही, पलीकडून चिकटलेल्या फिंचची बोटं लव्हबर्ड तिच्यातूनही धरतो. म्हणून दोन जाळ्या, मध्ये वीतभर फट.

दसऱ्याला त्याचा फोन आला. लव्हबर्डनं कापलेल्या पट्ट्या त्या फटीत पडतात, काही फिंचच्या जाळीला टेकतात. तो लंगडा फिंच त्या आत ओढून घेतोय, घरट्यासाठी.