बी एकटं जात नाही, माती घेऊन जातं

"सुई टोचली का कॅन्सर पसरते, भाऊ." मोर्शी-वरुडकडे एखाद्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या पुरुषग्रंथीची) बायॉप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, सांगितली, की पारावर हे ऐकू येतंच. मग सुई राहते बाजूला आणि जडीबुटी सुरू होते. खरं तर बायॉप्सीमुळे प्रोस्टेटचा कॅन्सर पसरणं अत्यंत विरळ. त्याला पसरायला सुई लागतच नाही, तो आपणहून रक्तात उतरतो. ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ सालीच एका मृत रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्या पेशी पाहिल्या होत्या.

मात्र रक्तात पडलेल्या बहुतेक पेशी मरतात. शेजारणींपासून सुटलेल्या पेशीत आत्मनाशाची यंत्रणा सुरू होते. त्यात रक्त नळीच्या मधोमध जोरात वाहतं, कडेला हळू, आणि वेगाच्या या फरकात पेशी ओढली-पिळली जाते. यातून वाचतात त्या कशा?

इथे फायब्रोब्लास्ट येतात. या आपल्याच शरीरातल्या, जखम भरताना कोलॅजेन विणणाऱ्या पेशी. गाठ त्यांना टीजीएफ-बीटासारखे रासायनिक निरोप धाडून कामाला लावते, आणि जखम भरली की थांबायचं असतं हे त्या विसरतात. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडलं होतं, की कॅन्सरचं बी मानवेल त्याच मातीत रुजतं. २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांना उंदरांमध्ये दिसलं, की बी ही माती सोबतच नेतं. संत्र्याचं कलम मुळाशी मातीचा गोळा ठेवून नेतात ना, तसंच. सोबतचे फायब्रोब्लास्ट कमी केले, तर फुप्फुसातल्या नव्या गाठीही कमी झाल्या. २०२० मध्ये प्रोस्टेटच्या पेशींवर झालेल्या प्रयोगांत हे सोबती जवळ असताना पेशी प्रवाहाचा ताण जास्त सोसतात असं आढळलं. काही आधार चिकटून राहण्याचा, काही त्यांनी स्रवलेल्या द्रव्यांचा.

मग हे सोबती नेहमीच्या रक्ततपासणीत का दिसत नाहीत? रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी मोजणारी, अमेरिकेत मान्य असलेली सेलसर्च चाचणी साडेसात मिलिलिटर रक्तातून एपकॅम हे प्रथिन अंगावर असलेल्या पेशी चुंबकाने ओढते. फायब्रोब्लास्टवर एपकॅम नसतंच, त्यामुळे ते सरळ निसटतात. म्हणून संशोधक आता सूक्ष्म छिद्रांच्या चाळणीतून रक्त गाळतात, मोठ्या पेशी अडकल्या की सीडी४५ खूण असलेल्या पांढऱ्या पेशी वगळतात, आणि उरलेल्यांत एफएपी व अल्फा-एसएमए या फायब्रोब्लास्टच्या खुणा रंगवून शोधतात. २०१५ मध्ये स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ३४ पैकी ३० रुग्णांत असे फायब्रोब्लास्ट सापडले. आजार जागच्या जागी असलेल्या १३ जणींपैकी फक्त तिघींत.

तरी 'एका थेंबात कॅन्सर ओळखा' अशी जाहिरात दिसली तर खिशाला हात घालू नका. ही चाळणी अजून संशोधनापुरती आहे. तुमच्या कामाची आज पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन मोजणारी) तपासणी, आणि गरज पडली तर तीच बदनाम सुई.

प्रोस्टेटमध्ये एक पेच मोठा आहे. हा कॅन्सर हाडांत जातो, आणि अस्थिमज्जेतही अशाच खुणांच्या पेशी असतात. चाळणीवर अडकलेली पेशी गाठीतून आली की मज्जेतून, हे नुसत्या रंगवण्याने कळत नाही. जनुकं वाचावीत, तर फायब्रोब्लास्टमध्ये कॅन्सरचे बदल सहसा नसतातच. उलट ते बदल सापडले, तर ती पेशी बहुधा फायब्रोब्लास्ट नव्हे, त्याचं सोंग घेतलेली कॅन्सरचीच पेशी असते.