थाम क्राबोक मठ (व्यसनमुक्ती)

थाम क्राबोक हा थायलंडच्या साराबुरी प्रांतातला बौद्ध मठ, बँकॉकच्या उत्तरेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर. अफू, हेरॉइन, दारू आणि आता जास्त करून याबा म्हणजे मेथ (मेथॅम्फेटामाइन) या नशेच्या गोळ्या सोडायला लोक इथे येतात, थायलंडमधले तर येतातच पण युरोप-अमेरिकेतूनही येतात, आणि आजवर एक लाखाहून जास्त लोकांनी इथला काढा घेतलाय.

सुरुवात एका बाईने केली हे मुद्दाम सांगायला हवं. मे ची (म्हणजे बौद्ध साध्वी) मियन तिचं नाव, भक्त तिला लुआंग पो याई म्हणायचे. थायलंडमध्ये बायकांना भिक्षूची पूर्ण दीक्षा मिळत नाही, तरी या मठाची मूळ गुरू तीच. तिचा भाचा चामरून पार्नचांद आधी पोलिसात होता, मग भिक्षू झाला आणि मठाचा प्रमुख. १९५९ ला थाई सरकारने अफू बंद केली, अड्डे उठले, पण वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांनी जायचं कुठे? ते मठात यायला लागले आणि तेव्हापासून हा उपचार सुरू झाला. १९७५ ला चामरूनना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९९ ला ते वारले.

उपचार बघायला सोपा नाही. पहिले पाच दिवस रोज दुपारी नवे पेशंट एका लांब गटाराच्या कडेला ओळीने गुडघे टेकून बसतात, भिक्षू प्रत्येकाला छोट्या पेल्यातून गडद तपकिरी, कडूजहर काढा देतो, तो एका घोटात घ्यायचा आणि समोरच्या बादलीतलं पाणी पोट तट्ट फुगेपर्यंत पीत राहायचं, मग भडाभडा उलट्या सुरू होतात. मागे जुने पेशंट ढोल-झांजा वाजवत गाणी म्हणत असतात, म्हणजे ओकणारा माणूस एकटा पडत नाही, आणि मला वाटतं काढ्याइतकंच काम हे गाणं करतं. काढ्यात शंभराहून जास्त वनस्पती आहेत असं सांगतात, कृती मात्र मठाबाहेर जात नाही. जोडीला औषधी पाल्याची वाफ असते.

उलटीने अंगातलं विष निघतं असं मठात मानतात. पण ड्रग एकदा रक्तात गेलं की ते पोटातून ओकून बाहेर येत नाही, ते लिव्हर आणि किडनीच काढतात. मग गुण येतो कशाने? गर्दची म्हणजे हेरॉइनची टर्की, नशा तुटल्यावर होणारा त्रास, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते आणि आठवड्याभरात उतरते, म्हणजे ते पाच दिवस नेमके सगळ्यात वाईट दिवस आहेत, आणि ते माणूस दहा जणांच्या सोबतीत, दुसरं काही सुचू न देणाऱ्या कामात काढतो. नीट तुलना करून केलेला अभ्यास फारसा नाही, त्यामुळे काढ्याचा वाटा किती हे ठामपणे सांगता येत नाही.

मठाच्या मते खरं औषध म्हणजे ‘सज्जा’, बुद्धासमोर घेतलेली शपथ. आपल्याकडे वारकरी माळ घातली की दारू सुटते तसंच हे, माळेचा धाक बाटलीपेक्षा मोठा असतो. मठाचा नियम असा की हा उपचार आयुष्यात एकदाच मिळतो, शपथ मोडली तर परत दार नाही. मला हा नियम कठोर वाटतो, कारण व्यसनात घसरण होतेच, आणि घसरलेल्याला पुन्हा उभं करणं हाच अर्धा उपचार आहे. पुण्यात १९८६ ला अनिल आणि अनिता अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये नंतरच्या फॉलोअपवर एवढा भर असतो तो यासाठीच.

धोकेही खरे आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, झोपेच्या गोळ्यांचंही तसंच, तिथे आधी डॉक्टर लागतो. बादलीभर पाणी आणि वर उलट्या यांनी अंगातलं सोडियम-पोटॅशियम बिघडतं, हार्ट किंवा किडनीचा त्रास असलेल्याने तर हे करूच नये. आणि हेरॉइन थोडे दिवस जरी सुटलं तरी अंगाची सहनशक्ती उतरते, बाहेर येऊन जुनाच डोस घेणारे ओव्हरडोसने मरतात.

उपचाराची फी नाही, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे दान द्यायचं. आणि काढा पिणारा स्वतः शपथ घेऊन पितो, हा फरक भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ लिहून पुड्या विकणाऱ्यांच्या नादी लागणाऱ्या घरच्यांनी लक्षात घ्यावा, कारण डायसल्फिरामसारखं औषध नकळत जेवणात घातलं आणि माणूस वर दारू प्यायला तर जीवावर बेतू शकतं.