जुने तायशा स्थानक

जपानच्या शिमाने प्रांतातील इझुमो शहरात असलेले, आता वापरात नसलेले रेल्वेस्थानक. ‘इझुमो तायशा’ या प्राचीन शिंतो देवस्थानाच्या यात्रेकरूंसाठी ते बांधले गेले. १९१२ साली आताच्या इझुमोशी स्थानकापासून इथवर ७.५ किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला. त्याचे हे शेवटचे स्थानक. आज उभी आहे ती दुसरी इमारत, १९२४ मध्ये पूर्ण झालेली.

इझुमो तायशाचे दैवत ओकुनिनुशी. सोयरिकी जुळवणारा देव म्हणून त्याची ख्याती. चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरचे देव इथे जमतात, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे इतरत्र या महिन्याला देवांविना महिना म्हणतात. इझुमोत मात्र तो ‘कामिआरिझुकी’, म्हणजे देव असलेला महिना. अन्य देवळांत दोनदा टाळ्या वाजवतात, तर इथे चारदा.

अशा ठिकाणी उतरणाऱ्याला आपण देवळाच्या आवारातच आलो असे वाटावे, असाच बांधणाऱ्यांचा विचार दिसतो. इमारत एकमजली आणि पूर्ण लाकडी, वर काळ्या कौलांचे भारदस्त छप्पर. मधला दिवाणखाना उंच, दोन्ही बाजूंचे भाग बुटके. आत मधोमध लाकडी तिकीटघर, आणि छतापासून कंदिलांसारखे दिवे लोंबतात. या थाटापेक्षा बोलके आहे ते बाहेरच्या अंगाचे दृश्य: नेहमीच्या दाराखेरीज तिथे लाकडी कठड्यांच्या अरुंद वाटा ओळीने आहेत. जथ्याने येणारे यात्रेकरू एकेक करून त्यांतून बाहेर सोडले जात. एवढ्याशा गावाला इतका लांबरुंद फलाट कशाला, याचे उत्तर इथेच मिळते. ओसाका आणि टोकियोहूनही थेट गाड्या इथपर्यंत येत.

स्पर्धा मात्र जवळच होती. १९३० मध्ये इचिबाता या खासगी कंपनीने देवळाच्या आणखी जवळ आपले स्थानक काढले. ते पाश्चात्त्य धाटणीचे, रंगीत काचांच्या खिडक्यांचे. देवस्थानाशी त्याचे रूप अजिबात जुळत नाही, पण गाड्या तिथे आजही येतात. तायशा फाट्याचे उतारू मात्र मोटारींच्या काळात घटत गेले. १९८७ मध्ये सरकारी रेल्वेचे खासगीकरण झाले आणि १ एप्रिल १९९० रोजी हा फाटा बंद करण्यात आला.

इमारत पाडली गेली नाही. २००४ मध्ये तिला ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपदा’ हा राष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि २०२१ मध्ये जतनाचे मोठे काम हाती घेण्यात आले. आवारात डी-५१ जातीचे एक वाफेचे इंजिन ठेवलेले आहे. फलाटालगतचे थोडे रूळही राखलेले आहेत; थोडे पुढे जाऊन ते संपतात.