निळं फूल, जीएमची भीती आणि आपलं निर्माल्य

लग्नसराई आली, गोदाकाठच्या फुलबाजारात भडक निळी शेवंती दिसू लागली, की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो: ही फुलं जीएम, म्हणजे जनुकं बदललेली, आहेत, हात लावू नका, घरात आणू नका. परवा शेजारच्या काकू तोच मजकूर आणि निळ्या शेवंतीची जुडी घेऊन आल्या. "देवाला वाहिली तर चालतील का गं?"

मी एका फुलाचा देठ ब्लेडने तिरका कापला. कापल्या जागी निळे ठिपके होते. पाकळीच्या शिरा गडद आणि टोकाला रंग साचलेला. शाळेत तेरड्याचं रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवायचो, तोच हा प्रकार. पांढरं फूल रंगाच्या पाण्यात उभं करायचं, जलवाहिन्या रंग वर ओढून नेतात. यात जनुकाचा काही संबंध नाही.

जनुक बदललेली फुलं जगाच्या बाजारात आली आहेत, पण ती अशी दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीन आणि जपानच्या सन्टोरी या कंपन्यांनी १९९०च्या दशकात जांभळट कार्नेशन बाजारात आणलं. २००९ मध्ये जपानात तसाच गुलाब विकायला आला. तोही जांभळटच, आकाशी निळा नव्हे. ऑनलाइन 'निळ्या गुलाबाचं बी' विकतात ती सरळ फसवणूक आहे, आणि असं फूल वाहिल्याने शनी शांत होतो हे सांगणं तिचंच भावंड.

खरी गंमत रंगाच्या रेणूत आहे. पाकळ्यांमधले लाल, गुलाबी, जांभळे रंग बहुतेक अँथोसायनिन कुळातले. या रेणूत तीन कडी असतात. त्यातल्या एका कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, किती चिकटलेत यावर रंग ठरतो. एक असेल तर पेलार्गोनिडिन, शेंदरी. दोन असतील तर सायनिडिन, लाल-किरमिजी. तीन असतील तर डेल्फिनिडिन, जांभळा-निळा. गट वाढतो तसा रेणू अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि आपल्या डोळ्यांकडे परत येणारा रंग निळ्याकडे सरकतो. तिसरा गट चिकटवणारं एन्झाइम गुलाबाकडेही नाही, कार्नेशनकडेही नाही. म्हणून शेकडो वर्षं संकर करूनही निळा गुलाब झाला नाही. पेटुनिया आणि पॅन्झीकडे ते आहे. त्यांचं जनुक घेतलं आणि काम झालं.

झालं, पण अर्धंच. गुलाबाच्या पाकळीतल्या पेशीरसात आम्लता जास्त, आणि आम्लात हाच रेणू लालसर होतो. घरी करून पाहा. गोकर्णाची पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाका, पाणी निळंशार होईल. त्यात लिंबू पिळा, क्षणात जांभळं. गुलाबाचं घोडं इथेच अडलं आहे.

आता सुरक्षिततेचं. डेल्फिनिडिन आणि त्याची भावंडं काळ्या द्राक्षांच्या सालीत, जांभळात, वांग्याच्या सालीत असतात. नाशिककराच्या पोटाला त्यांचं नावीन्य नाही. पण तज्ज्ञ रंगापाशी थांबत नाहीत. नवं प्रथिन ज्ञात अ‍ॅलर्जीकारक प्रथिनांसारखं आहे का, जनुक किती ठिकाणी बसलं, नवं जनुक बसलेल्या पेशी प्रयोगशाळेत निवडता याव्यात म्हणून सोबत घातलेलं, तणनाशक सोसणारं जनुक तणांमध्ये जाईल का, हेही पाहतात. कार्नेशनच्या बाबतीत उत्तर बरंच दिलासा देणारं आहे. परागकण अगदी थोडे, बी पिकायला पाचेक आठवडे, आणि कापलेलं फूल त्याआधीच सुकतं. युरोपात परवानगी मिळाली ती शोभेच्या फुलांपुरती, खाण्यासाठी नाही. कोणी चुकून खाल्लं तर काय, एवढं तपासलं जातं.

माझा मुद्दा या 'चुकून'वर आहे. आपल्याकडे फूल फुलदाणीतून कचऱ्यात एवढाच प्रवास करत नाही. गुलाबाचा गुलकंद होतो, पाकळी तीर्थात पडते, निर्माल्य गाय खाते. शिवाय कार्नेशनचा हिशोब गुलाबाला तसाच लावता येत नाही. कापलेल्या गुलाबाच्या दांडीवर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, असतात, आणि नाशिकजवळच्या जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाऊस पट्ट्यात डोळा भरणारे, म्हणजे तो दुसऱ्या रोपावर बसवणारे, कसबी हात कमी नाहीत. एका दांडीपासून कोणालाही न विचारता बाग उभी राहू शकते. म्हणून उद्या असा गुलाब इथे आला, तर केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीने, म्हणजे जीईएसीने, तो खाद्य म्हणूनच तपासायला हवा, परदेशातला 'फक्त शोभेसाठी'चा कागद पुढे करून चालणार नाही. तपासणीची पहिली ओळ 'हे फूल शेवटी कुठे जातं' हीच असली पाहिजे.

तोवर काळजी करायचीच तर फवारणीची करा. शोभेचं फूल कोणी खाणार नाही असं धरून त्यावर औषधं मारली जातात. बेल्जियममधल्या २०१६ च्या एका अभ्यासात ९० पुष्पगुच्छांवर मिळून १०७ प्रकारच्या कीडनाशकांचे अंश सापडले होते. फुलं बांधणाऱ्या बायकांच्या बोटांना ते रोज लागत असणार, आणि यावर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर चकार शब्द नाही.

काकूंच्या शेवंतीत कोणता रंग घातलाय ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, देवाला खुशाल वाहा, पण तीर्थात पाकळी टाकू नका आणि उद्या निर्माल्य गाईपुढे ठेवू नका.