खडा, फट आणि केबल

१६ फेब्रुवारी २०१७. जपानमधल्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीत, जेमतेम अकरा सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून एक रोबो आत शिरला. तोशिबानं बनवलेला, लांबीला अर्ध्या मीटरहून थोडा जास्त. शेपटी वर उचलून पाठीवरून पुढे बघायचा, म्हणून त्याचं नाव सासोरी, म्हणजे विंचू. नळी ओलांडून तो पलीकडच्या रुळावर आला, थोडा सरकला आणि थांबला. चाकांऐवजी त्याला रणगाड्यासारखे दोन पट्टे होते, आणि रुळावरच्या गाळातला खडा डाव्या पट्ट्यात अडकला होता. पट्टा हलेना. वितळलेल्या इंधनाचा माग काढायला गेलेलं हे यंत्र मुक्कामापासून दोन-तीन मीटर अलीकडे अडलं. शेवटी केबल कापून त्याला तिथेच सोडावं लागलं.

याच केंद्रात एप्रिल २०१५ मध्ये पहिल्या अणुभट्टीत हिताचीचा रोबो उतरवला होता. दहा सेंटिमीटरच्या नळीतून जाताना सरळ काठीसारखा आणि बाहेर पडला की अंग दुमडून इंग्रजी 'यू'सारखा होणारा. तो आतल्या जाळीच्या फरशीवरून ठरलेल्या वाटेच्या निम्म्याहून पुढे गेला आणि एका फटीत अडकला. त्याचीही केबल कापली. त्याआधी, ऑक्टोबर २०११ मध्ये क्विन्स नावाचा पट्ट्यांवर चालणारा रोबो दुसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कायमचा राहिला. क्विन्स जिने चढणारा होता, नळीतला नव्हे. पण तो गमावला गेला तो केबलपायीच.

खडा, फट आणि केबल. तिन्ही यंत्रांचे कॅमेरे, संगणक, मोजमापाची साधनं उत्तम होती. हरले ते जमिनीला टेकलेले भाग आणि मागे ओढलेली दोरी. म्हणून नळीत जाणाऱ्या कुठल्याही रोबोबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हा परत कसा येणार?

पट्ट्यांचं तत्त्व सोपं आहे. चिखलात पाय रुतू नये म्हणून आपण फळी टाकतो. पट्ट्याचं यंत्र आपली फळी स्वतः पुढे टाकत आणि मागून उचलत चालतं. वजन लांब पट्टीवर पसरतं, त्यामुळे ते मऊ गाळात रुतत नाही आणि लहान खळगे सहज ओलांडतं. बेंजामिन होल्टनं १९०४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दलदलीच्या शेतजमिनीत आपलं पट्ट्यांचं वाफेचं ट्रॅक्टर चालवून दाखवलं, तेव्हाही अडचण चाकं रुतण्याचीच होती.

नळीत मात्र या तत्त्वाला एक वळसा मिळतो, कारण तळ सपाट नसतो. सपाट ठेवलेले दोन पट्टे गोल नळीत फक्त बाहेरच्या कडांवर टेकतात. म्हणून नळीसाठी ते आतल्या बाजूला कलते, नळीच्या भिंतीला सपाट टेकतील असे लावतात. यात आणखी एक फायदा मिळतो. पिठाच्या गिरणीतला व्ही-बेल्ट आठवा. तो खाचेत पाचरीसारखा बसतो, म्हणून सपाट पट्ट्यापेक्षा घट्ट पकडतो. तसंच इथे होतं. दोन्ही पट्टे ४५ अंशात कलते असतील, तर त्याच वजनात भिंतीवरचा एकूण दाब सुमारे १.४ पट होतो आणि पकडही तेवढीच वाढते.

वळवायचं म्हणजे एक पट्टा दुसऱ्यापेक्षा जोरात फिरवायचा. रणगाडा असाच वळतो. पण नळीत नाक डावीकडे वळलं की रोबो डाव्या भिंतीवर चढायला लागतो. चालकानं लक्ष दिलं नाही तर काही क्षणांत तो कुशीवर पडतो, आणि अर्ध्या मीटरच्या नळीत पालथं पडलेलं यंत्र सरळ करायला कोणी जाऊ शकत नाही. म्हणून चालकाचा एक डोळा कायम पडद्यावरच्या कलाच्या आकड्यावर असतो. कल वाढला की थांबून जागच्या जागी वळवायचं नाही. पुढे चालत असतानाच उताराच्या बाजूला हलकेच नाक फिरवायचं. मागे येताना हेच गणित उलटं होतं, आणि नवखे तिथेच चुकतात.

आता केबल. माझ्या मते या यंत्राचा खरा मालक तीच. ती वीज नेते, चित्र आणते आणि वेळ आली तर यंत्राला ओढून बाहेर काढते. त्यासाठी तिच्यात केव्हलारसारख्या चिवट धाग्यांचं आवरण असतं. पण ती स्वतः एक ओझं आहे. समजा रोबो ३० किलोचा आहे. बुळबुळीत तळावर त्याला वजनाच्या तीन दशांश पकड मिळते, म्हणजे तो फार तर ९ किलोंचं ओझं ओढू शकतो. मागे दीडशे मीटर केबल आहे, मीटरला शंभर ग्रॅम, म्हणजे १५ किलो. तेवढ्याच घर्षणानं ती ओढायला साडेचार किलोंचा जोर लागतो. सरळ नळीत काम आरामात होतं.

आता वाटेत एक काटकोनी वळण घाला. उधळलेल्या बैलाचं दावं हातात धरलं तर तो आपल्याला फरफटत नेतो. तेच दावं झाडाच्या बुंध्याला दोन वेढे घालून धरलं तर एका हाताने बैल थांबतो. वेढ्यागणिक घर्षण बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं. केबल वळणावर घासते तेव्हा हेच घडतं, फक्त आपल्या विरोधात. बहुतेक केबल वळणांच्या मागे पडलेली आहे असं धरलं, तर एका काटकोनात ओझं सुमारे १.६ पट, म्हणजे साडेचार किलोंचं ७ किलोंहून थोडं जास्त. दुसऱ्या काटकोनात २.६ पट, साडेअकरा किलोंच्या वर. रोबोची ताकद ९ किलो. पहिलं वळण तो घेतो, दुसऱ्यानंतर पट्टे जागीच फिरत राहतात. त्याची मोटर दुप्पट केली तरी उपयोग नाही, कारण कमी पडते ती पकड.

बंद पडलेला रोबो बाहेरून ओढतानाही हेच गणित आडवं येतं. त्याला ९ किलोंनी ओढायचं असेल, तर दोन वळणांपलीकडून २३ किलोंहून जास्त जोर लावावा लागतो. त्यात गिअर वर्मचा, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याचा असेल तर पट्टे बाहेरून फिरत नाहीत. चाक जाम झालेली गाडी ढकलावी, तसा तो घसटतच येतो. कसलेले चालक त्यामुळे पुढे जाता येतंय म्हणून जात राहत नाहीत. पट्टे किती फिरले आणि ड्रमवरून केबल किती सुटली, हे दोन आकडे ते सतत ताडून बघतात. पट्टे पाच मीटर चालले आणि केबल चारच मीटर गेली, तर एक मीटर घसरण झाली. तिथे थांबायचं.

परतीलाही ताळमेळ लागतो. रोबो मागे जोरात आला आणि ड्रम हळू गुंडाळला गेला, तर यंत्र स्वतःच्याच केबलवर चढतं, आणि पट्ट्याच्या दातांत केबल ओढली गेली की काम संपलं. पुण्यात आमच्या गल्लीत ड्रेनेज लाइनची रोबोनं तपासणी चालू होती तेव्हा मी तासभर उभा राहून बघत होतो. गाडीत बसलेला चालक पंचविशीतला, मॅनहोलपाशी केबल हाताळणारे पन्नाशीचे. आतून हाक यायची, "काका, झोल पडलाय, ओढा जरा." काका केबल दोन बोटांत धरून तिचा ताण अजमावायचे. पडद्यावर झोल दिसायच्या आधीच दोन-तीनदा त्यांनीच थांबवलं. "थांब रे, जड लागतंय." काटा सांगत नाही ते बोटं सांगतात, हे मी तिथे बघितलं.

त्या पडद्यावर काय दिसतं, तेही सांगितलं पाहिजे. सांध्यातून आत घुसलेली पिंपळाची मुळं, खचलेला तळ, आणि काँक्रीटच्या नळीचं कुरतडलेलं छत. हे छत पाण्यानं खराब होत नाही. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, वर छताच्या ओलाव्यात जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, आणि ते आम्ल काँक्रीट खातं. हाच वायू माणसाला मारतो. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. २०१३ च्या कायद्यानं गटारात माणसाला असं धोकादायकरीत्या उतरवण्यावर बंदी आली. तरीही मृत्यू होत राहिले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाईची रक्कम १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. तपासणीचा रोबो गटार साफ करत नाही, ते काम पाण्याचा झोत मारणाऱ्या जेटिंगच्या आणि गाळ ओढून घेणाऱ्या सक्शनच्या गाड्यांचं. पण आत काय आहे हे बघायला माणूस उतरण्याची गरज तो संपवतो. बंद पडून कोठारात धूळ खात असेल, तर ती गरज परत उभी राहते. म्हणून या पट्ट्यांची देखभाल मला किरकोळ बाब वाटत नाही.

ती देखभाल बरीचशी पाणी आणि ब्रशची आहे. काम संपल्या संपल्या धुवायचं, कारण वाळलेला गाळ सिमेंटसारखा बसतो. पट्ट्याचा ताण तपासायचा: सैल असेल तर वळताना उतरतो, फार घट्ट असेल तर बेअरिंग खातो आणि वीजही. रोबो स्टँडवर ठेवून पट्टे हवेत फिरवायचे आणि मोटर किती करंट घेते ते लिहून ठेवायचं. मागच्या महिन्यापेक्षा आकडा वाढला असेल, तर आत काहीतरी अडतंय. अनेक रोबोंच्या बंद पेटीत नायट्रोजन किंवा हवा जरा जास्त दाबानं भरलेली असते, म्हणजे सील गळलं तरी आधी वायू बाहेर जाईल, पाणी आत येणार नाही. तो दाब रात्रीत उतरला असेल तर यंत्र त्या दिवशी नळीत घालू नये. कितीही घाई असली तरी.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पट्टा फिरवणारा दांडा जिथे पेटीतून बाहेर येतो ते रबरी सील. गल्लीतलं काम आटोपल्यावर चालकानं वीज बंद केली, रोबो फूटपाथवर कुशीवर टेकवला आणि पाइपनं धुऊन घेतला. डाव्या पट्ट्यातून वाळू आणि गुटख्याच्या पुडीचा तुकडा निघाला. मग त्यानं पट्टा बोटानं सावकाश फिरवला आणि एका जागी थबकला. दांड्याभोवती काहीतरी चकाकत होतं. संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले होते. नायलॉनचा मांजा, सीलच्या कडेला घट्ट गुंडाळला गेलेला. ब्लेडनं कापला असता तर सीलच कापलं असतं. त्यानं काकांकडून पिन घेतली आणि एकेक वेढा उलटा सोडवत गेला. दहा मिनिटं तरी लागली असतील. हातभर मांजा निघाला. त्यानं पट्टा पुन्हा बोटानं फिरवला, कान जवळ नेऊन ऐकला, आणि रोबो उलटवून दुसरी बाजू वर घेतली.