पार्श्वभूमी : वॉबॅशकाठची जत्रा आणि चुकीच्या जागेवरचा किल्ला

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात वेस्ट लाफियेट गावाजवळ, वॉबॅश नदीच्या काठी, दर शरदात दोन दिवस ‘फीस्ट ऑफ द हंटर्स मून’ भरते. हंटर्स मून म्हणजे सुगीच्या पौर्णिमेनंतरची पौर्णिमा. बऱ्याच वर्षी आपली कोजागरी तीच असते. नदीतून होड्या येतात, चकमकीच्या बंदुका उडतात, लोहाराचा भाता चालू असतो आणि लोखंडी कढईत ‘क्रोकिन्योल’ नावाचे फ्रेंच धाटणीचे गोड वडे तळले जातात. सुरुवात 1968 ची, आयोजन टिपिकनू काउंटीच्या इतिहास मंडळाचे.

जत्रा ज्या फ्रेंच ठाण्याची आठवण जागवते, त्याची सुरुवात 1717 ची. फ्रेंच अधिकारी पिकोते द बेलेस्त्र चार सैनिक, तीन इतर माणसे आणि एक लोहार घेऊन इथे उतरला. एवढ्या लहान तुकडीत लोहार कशाला, याच्या उत्तरात या ठाण्याचे सगळे स्वरूप येते. फोर्ट वीआटनॉन लढण्यासाठी बांधलेलाच नव्हता. आजूबाजूला वीया या मूळनिवासी लोकांची गावे होती. ते कातडी आणत आणि फ्रेंचांकडून घोंगड्या, पितळी भांडी, काचमणी, बंदुका नेत. बंदुकीचा चाप तुटला किंवा कुऱ्हाडीची धार गेली, तर दुरुस्त करून देणारा माणूस जवळ हवा. तो नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळणार.

पुढचे थोडक्यात. 1761 मध्ये ठाणे ब्रिटिशांकडे गेले. 1763 मध्ये पॉन्टियाक या मूळनिवासी सरदाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिशविरोधी उठावात लेफ्टनंट जेंकिन्सने ते एकही गोळी न झाडता सोडले. फ्रेंच व्यापाऱ्यांनी मध्यस्थी केली म्हणून त्याची माणसे वाचली. त्यानंतर तिथे कायमची शिबंदी राहिली नाही. जून 1791 मध्ये चार्ल्स स्कॉटच्या केंटकीच्या घोडेस्वारांनी वीयांची गावे जाळली. वीयांचे वंशज आज ओक्लाहोमातल्या पिओरिया जमातीत आहेत. जत्रा शरदातल्या बाजाराची आठवण जागवते, या जाळपोळीची नाही. पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

मैदानावर दिसणारी लाकडी गढी 1930 ची. रिचर्ड वेदरिल या स्थानिक डॉक्टरांनी ती बांधवली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन झाले, तेव्हा खरी जागा सुमारे मैलभर खाली, प्रवाहाच्या दिशेने निघाली. गढीची घडणही इंग्रज वसाहतींच्या पद्धतीची आहे, फ्रेंच ठाण्याची नाही. म्हणजे जागा चुकीची आणि इमारतही चुकीची. तरी जत्रा टिकली, कारण तिचा भर वास्तूवर नाही, हातांच्या कामावर आहे.

जुने जीवन प्रत्यक्ष करून दाखवण्याचा हा प्रकार मुळात युरोपचा. 1891 मध्ये आर्तुर हाझेलियस यांनी स्टॉकहोमला स्कान्सेन उभारले. जुनी घरे उचलून आणली आणि त्यांत त्या काळच्या पोशाखातली माणसे वावरू लागली. अमेरिकेत 1926 पासून उद्योगपती रॉकफेलरच्या पैशावर विल्यम्सबर्ग या जुन्या वसाहती शहराची डागडुजी झाली. इंडियानाला मात्र आणखी एक वारसा होता. तोंडाकडून ठासायच्या बंदुकांच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना 1933 मध्ये स्थापन झाली आणि तिचे घर याच राज्यातल्या फ्रेंडशिप गावात आहे. त्यामुळे 1968 मध्ये बंदूक, दारू ठेवायचे शिंग आणि कातडी पोशाख जवळ असलेली माणसे शोधायला लांब जावे लागले नसणार.

बंदुकीचे काम पाहण्यासारखे असते. फ्रेंच शिकारी बंदूक साधारण 20 बोअरची. प्रात्यक्षिकात गोळी नाही, डट्टा नाही आणि गजही नाही, तो बंदुकीखालच्या नळ्यांतच राहतो. घाईत नळीत विसरला तर तो बाणासारखा सुटतो. दारू 70 ते 80 ग्रेन, म्हणजे जेमतेम पाच ग्रॅम, आधीच कागदी पुडीत बांधलेली. शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, कारण आत धुमसती ठिणगी राहिली असेल तर सबंध शिंग हातात फुटते. बंदुकीच्या कानाशेजारच्या (नळीत ठिणगी शिरते त्या भोकाशेजारच्या) पितळी आडोशाने रंजकाचा, म्हणजे बाहेरच्या पेटवणीच्या दारूचा, भडका शेजाऱ्याच्या तोंडावर जात नाही. हा आडोसा अठराव्या शतकातला नाही, सुरक्षेसाठी केलेली तडजोड आहे.

बार फसतो तो बहुधा तीन कारणांनी : चकमकीची धार बोथट, चकमक जिच्यावर आपटते त्या पोलादी पाटीवर तेलकट बोट लागलेले, किंवा कान काजळीने बुजलेला. काजळी हवेतली ओल शोषते, म्हणून नदीकाठच्या दमट सकाळी दहा-बारा बारांनंतर कटकट वाढते. नुसते रंजक भडकले तर तोंड निर्धोक दिशेला धरून थांबायचे. बार उशिरानेही उडतो.

लोहाराकडे मिळते ते चकमकीचे पोलाद. आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या चंचीत गारगोटी आणि कापसाबरोबर असे, तेच. जुन्या कानशीचा दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा तापवून इंग्रजी ‘सी’सारखा वळवतात. मग चेरीसारखा लाल झाला आणि लोहचुंबक धरेनासा झाला की पाण्यात बुडवतात. जास्त तापला तर तडकतो. बांधकामाच्या मऊ सळईचा केला तर दिसतो छान, पण ठिणगी पडत नाही. कार्बन पुरेसा नाही, म्हणून पाणी देऊनही तो कडक होत नाही.

ठिणगी झेलायला जळके कापड लागते. सुती चिंध्या झाकणाला बारीक भोक पाडलेल्या डबीत घालून निखाऱ्यावर ठेवतात. भोकातला धूर थांबला की डबी उतरवायची आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायची नाही. नवशिके इथेच चुकतात : गरम डबीत हवा शिरते, कापड पेट घेते आणि हाती राख उरते.